पाचाचा वर्ग दहा का येतो?

एका आईनं विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. मुलगी सातवीत आहे, कोल्हापुरातच शिकते. क्लासमध्ये १ ते ३० चे वर्ग आणि १ ते २० चे घन पाठ करून घेतलेत. ओळीनं विचारले तर घडाघडा म्हणते. पण वहीत ५² समोर १० लिहून ठेवते, २³ समोर ६, आणि क्षेत्रफळाचं उदाहरण आलं की तिचे डोळे भरून येतात. आईचं म्हणणं, "पाठांतर कमी पडतंय का? अजून किती घोकून घेऊ?"

ताई, घोकणं थोडे दिवस थांबवा. मी एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत गणित शिकवलं आणि दर वर्षी ५² = १० लिहिणारी पाच-सहा मुलं तरी वर्गात असायचीच. त्यांतली निम्मी हुशार. चूक त्यांची कमी आणि आम्हा शिकवणाऱ्यांची जास्त. आम्ही फळ्यावर पहिलं उदाहरण कुठलं घेतो? २² = ४. सोपं म्हणून घेतो, आणि तिथंच घात होतो. दोन अधिक दोन चार, बे दुणे चार, आणि दोनाचा वर्गही चार. तिन्ही रस्ते एकाच दारात जातात. मूल मनाशी ठरवून टाकतं की वर डोक्यावर बारीक २ दिसला की दुप्पट करायची. पुढं पाचावर आलं की ते इमानदारीनं दहा लिहितं. म्हणून वर्ग शिकवताना दोनापासून सुरुवात करू नये, पाचापासून करावी. २³ = ६ ची गोष्ट तीच; "वर ३ आहे, म्हणजे तिप्पट."

त्यात आपली भाषा घोळ घालते. "पाचाला तीन वेळा गुणायचं" असं आपण सहज बोलतो. एखादं शिस्तीचं पोर ५ घेऊन त्याला तीन वेळा पाचानं गुणतं आणि ६२५ आणतं. बोलल्याप्रमाणे केलं तर ते बरोबरच आहे! ५³ मध्ये पाच तीनदा लिहायचा असतो, गुणाकाराची चिन्हं दोनच येतात. "पाच तीनदा मांड आणि त्यांचा गुणाकार कर" असं म्हणा. एवढ्या एका वाक्यानं बराच गुंता सुटतो.

पण खरा इलाज तोंडी नाही. वर्ग आणि घन हे आधी आकार आहेत, आकडे नंतर. मुलीला आकार दिसलेलाच नाही, म्हणून आकडे निसटतात.

घरात चिंचोके असतील तर ते काढा, नसतील तर हरभरे चालतील. तिला जमिनीवर पाच ओळी मांडायला सांगा, प्रत्येक ओळीत पाच. "मोज" म्हणायची गरज पडत नाही, ती आपणहून मोजते. पंचवीस. आता शेजारी पाच-पाचच्या दोनच ओळी मांडायला लावा. हे दहा. दोन्ही आकार समोर ठेवून विचारा, यातला चौरस कुठला? ५² म्हणजे बाजू पाच असलेला भरलेला चौरस, आणि ५ × २ म्हणजे ही बारकी पट्टी. दहा लिहिणारं मूल इथं स्वतःशीच हसतं, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

चिंचोके लगेच गोळा करू नका. पाचाचा चौरस सहाचा करायला किती लागतील, ते विचारा. बहुतेक मुलं सहा म्हणतात. मांडायला लागलं की कळतं: उजवीकडं पाच, खाली पाच, आणि कोपऱ्यातला एक. अकरा. सातचा करायला तेरा, आठचा करायला पंधरा. १, ४, ९, १६, २५, ३६ यांच्यातली अंतरं ३, ५, ७, ९, ११ अशी विषम संख्यांनी वाढत का जातात, ते त्या काटकोनी पट्टीत डोळ्यांना दिसतं. आणि याचा उपयोगही रोखठोक आहे. २५ चा वर्ग ६२५ आठवतोय, २६ चा आठवत नाही? ६२५ मध्ये २५ मिळवा, २६ मिळवा, ६७६. परीक्षेच्या हॉलमध्ये दोन ओळींचं काम.

पाढ्यांचा तक्ता भिंतीवर असेल तर त्यावरही एकदा बोट फिरवून दाखवा. बे दुणे चार, तीन त्रिक नऊ, चार चोक सोळा... एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जाणाऱ्या तिरक्या ओळीवर सगळे वर्ग बसलेले असतात. म्हणजे १० पर्यंतचे वर्ग तिला दुसरी-तिसरीपासून पाठच आहेत, फक्त त्यांना वर्ग म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

आता क्षेत्रफळाचं रडणं. त्यासाठी पुस्तकातली बाग आणि तिच्याभोवतीचा रस्ता सोडा, आपल्याकडची जमीन घ्या. कोल्हापुरात जागेची गोष्ट निघाली की गुंठ्याशिवाय बोलणं होत नाही. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. म्हणजे आपण रोज तोंडात घोळवतो तो गुंठा मुळात ३३ चा वर्ग आहे. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. हेच यार्डात मोजलं तर ३३ फूट म्हणजे ११ यार्ड, आणि गुंठा १२१ चौरस यार्ड. १०८९ ला १२१ नं भागायला सांगा. उत्तर ९ येतं. एक यार्ड तीन फुटांचा, मग नऊ कुठून आले? कारण एक चौरस यार्ड म्हणजे तीन ओळी, प्रत्येकीत तीन चौरस फूट. चिंचोक्यांचंच चित्र. एक मीटर म्हणजे १०० सेंटिमीटर, पण एक चौरस मीटर म्हणजे १०० नव्हे, १०,००० चौरस सेंटिमीटर, आणि घनमीटर तर दहा लाख घन सेंटिमीटर. इथं आठवीपर्यंतची मुलं धडाधड गुण घालवतात.

मग तिला हा प्रश्न टाका: अर्धा गुंठा चौरस जागा घ्यायची, तर बाजू किती? ती साडेसोळा फूट म्हणेल. मोठी माणसंही म्हणतात. साडेसोळा बाय साडेसोळा म्हणजे २७२ चौरस फूट आणि वर थोडं, म्हणजे पाव गुंठा! कागदाची चौकोनी घडी घालून दाखवा. दोन्ही बाजू निम्म्या केल्या की चार भाग होतात आणि आपल्या वाट्याला एकच येतो. अर्ध्या गुंठ्याची बाजू सव्वातेवीस फुटांच्या किंचित वर भरते. ०.५ चा वर्ग ०.२५ कसा, वर्ग केल्यावर संख्या लहान कशी होते, हा प्रश्न त्या घडीतच सुटतो. अर्ध्याचा अर्धा म्हणजे पाव.

जाता जाता "दहा चौरस फूट" आणि "दहा फूट चौरस" यांतला फरकही तिच्याकडून वदवून घ्या. पहिल्यात पलंगसुद्धा बसायचा नाही, दुसऱ्यात खोली होते.

घनाकडं वळू या. इथं चिंचोके कामाला येत नाहीत, ते एकावर एक राहत नाहीत. मी पनीर वापरायचे. डेअरीतून पनीरची घट्ट वडी आणायची आणि सुरीनं नीट चौकोनी ठोकळा करायचा, लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी. बाहेरून सगळ्या बाजूंना हळद चोळायची. मग वरून दोन काप, बाजूनं दोन काप, आणि आडवे दोन काप. सहा कापांत सत्तावीस तुकडे. इथं मुलीला थांबवा आणि विचारा, सत्तावीस कसे? एका थरात तीन ओळी, ओळीत तीन तुकडे, म्हणजे नऊ. असे तीन थर. ३ × ३ × ३. "तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस" हे तिनं आतापर्यंत फक्त म्हटलेलं असतं, आता ते ताटात असतं.

मग तुकडे वेगळे करायला लावा. तीन बाजू पिवळ्या असलेले किती? आठ, कारण कोपरे आठ. दोन बाजू पिवळ्या? बारा, कारण कडा बारा. एकच बाजू पिवळी? सहा, कारण पृष्ठं सहा. आणि एक तुकडा पांढराशुभ्र, हळद न लागलेला, जो आतापर्यंत कुणालाच दिसत नव्हता. वर्गात तो एक तुकडा सापडला की पोरं ओरडायची. ८ + १२ + ६ + १ = २७. प्रत्येक दिशेला कडेचे दोन आणि मधला एक, म्हणून हा (२ + १) चा घन आहे. पुढच्या इयत्तांत (a + b)³ चं जे लांबलचक सूत्र येतं, त्यात २ आणि १ घातले की हेच चार आकडे याच क्रमानं निघतात. आत्ता ते सांगायची घाई नको. पण ते सूत्र शिकायची वेळ आली की या पनीरची आठवण करून द्या.

त्या बारा कडांवरून एक गोष्ट सांगते. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये 'आर्यभटीय' लिहिलं. त्यात वर्ग आणि घन यांची व्याख्या एकाच श्लोकात बसवली आहे. दोन सारख्या संख्यांचा गुणाकार म्हणजे वर्ग, आणि समान बाजूंचा चौकोनही वर्गच. तीन सारख्या संख्यांचा गुणाकार म्हणजे घन, आणि बारा कडांची आकृतीही घनच. पंधराशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं आकार आणि आकडा एका दमात सांगितले. आपण शाळेत मात्र आकार भूमितीच्या तासाला आणि आकडा अंकगणिताच्या तासाला नेऊन ठेवला.

माझी स्वतःची फजितीही सांगते, म्हणजे मुलीला जरा बरं वाटेल. घर बांधताना गच्चीवर पाण्याची टाकी बांधायची होती. जुन्या घरात तीन फुटी चौकोनी टाकी होती, लांबी, रुंदी, उंची तिन्ही तीन फूट. ती अपुरी पडायची. मी गवंड्याला ऐटीत सांगितलं, "दुप्पट पाणी पाहिजे, सगळ्या बाजू दुप्पट करून टाका." तो माझ्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "बाई, स्लॅब बसंल की खाली!" त्यानं कागदपेन्सिलही घेतली नाही. तीन फुटीत सत्तावीस घनफूट, म्हणजे साधारण साडेसातशे लिटर. सहा फुटीत दोनशे सोळा घनफूट, सहा हजारांच्या वर लिटर, म्हणजे सहा टनांचं ओझं नुसत्या पाण्याचं. मला दुप्पट हवं होतं, मी मागितलं आठपट. दुप्पट पाण्यासाठी प्रत्येक बाजू पावणेचार फुटांच्या जरा वर नेली तरी पुरतं. गणिताच्या बाईंना गवंड्यानं घन शिकवला, हे शाळेत मी कुणाला सांगितलं नाही बरेच दिवस.

गवंड्याला हे येतं कारण तो रोज ब्रासमध्ये बोलतो. वाळू, खडी, दगड यांचा एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट: दहा बाय दहाच्या खोलीत फूटभर उंच पसरलेली वाळू. फरशी किंवा गिलाव्याचं बोलताना मात्र तोच ब्रास शंभर चौरस फुटांचा होतो. शब्द एक, माप दोन, आणि कुणाचा गोंधळ होत नाही, कारण वाळू उंचीनंही मोजायची असते आणि फरशी नसते हे हाताला ठाऊक असतं. तुमच्याकडं किंवा शेजारी कुठं बांधकाम चालू असेल तर तिला घेऊन जा आणि विचारा, दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच ढीग म्हणजे किती ब्रास? हजार घनफूट, दहा ब्रास.

वर्ग आणि घन एकाच वेळी कामाला लागलेले बघायचे असतील तर आपल्या उद्यमनगरच्या किंवा शिरोलीच्या फौंड्र्या आहेत. माझा एक जुना विद्यार्थी ओतकामात आहे. तो नव्या पोरांना एकच हिशोब पक्का करायला लावतो. दहा सेंटिमीटर बाजूचा बिडाचा ठोकळा साधारण सव्वासात किलो भरतो. बाजू वीस सेंटिमीटर केली की धातू आठपट, सत्तावन्न-अठ्ठावन्न किलो. पण त्याचं बाहेरचं अंग किती वाढलं? ६०० चौरस सेंटिमीटरवरून २४००, फक्त चौपट. उष्णता बाहेरच्या अंगातूनच जाणार. आत माल आठपट आणि बाहेर पडायची वाट चौपट, म्हणून जाड जॉब उशिरा गोठतो. बाजू दुप्पट असलेला ठोकळा गोठायला साधारण चौपट वेळ घेतो. घाईनं साचा फोडला तर काय होतं ते तो सांगत नाही, पण चेहऱ्यावरून कळतं.

स्वयंपाकघरातही हेच आहे. गुळाचा सहा सेंटिमीटरचा खडा दुधात टाकला तर ढवळत बसावं लागतं, फोडून टाकला की पटकन विरघळतो. सहाचा ठोकळा घ्या: आत २१६ घन सेंटिमीटर गूळ, आणि बाहेरचं अंगही सहा पृष्ठांचं मिळून ६ × ३६ = २१६ चौरस सेंटिमीटर. (आकडे जुळले तरी एकके वेगळी, हे तिच्या लक्षात येतं का बघा.) त्याचे एक-एक सेंटिमीटरचे २१६ तुकडे केले तर गूळ तेवढाच राहिला, पण अंग १२९६ झालं. सहापट जागी दूध लागतं, म्हणून लवकर विरघळतो.

आता तुमचा मूळ प्रश्न: पाठांतर किती? माझं मत विचाराल तर वर्ग २० पर्यंत आणि घन १० पर्यंत, तेही आकार हातात येऊन गेल्यावर. त्यापुढचे काढता यावेत. शिष्यवृत्तीला बसणार असेल तर २५ पर्यंत वर्ग जाऊ द्या. वीसपर्यंतचे घन पाठ करून घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही; १७³ = ४९१३ हे मला स्वतःला दर वेळी काढावं लागतं आणि त्यावाचून माझं कधी अडलं नाही.

काढायचं कसं, त्याची एक रीत मात्र पक्की करा. १३ चा वर्ग: तेराच्या चौरसाचे १० आणि ३ असे भाग पाडा. मोठा चौरस १००, छोटा ९, आणि मध्ये तीस-तीसच्या दोन पट्ट्या. १६९. मुलं (१० + ३)² = १०० + ९ लिहितात कारण त्या दोन पट्ट्या त्यांनी पाहिलेल्याच नसतात. भास्कराचार्यांनी ११५० साली 'लीलावती'त हीच रीत दिली: दोन भागांचा गुणाकार दुप्पट करा आणि त्यात दोन्ही भागांचे वर्ग मिळवा. त्यांनी सरावाला दिलेल्या संख्याही मजेच्या आहेत. ९, १४, मग "तीन कमी तीनशे" आणि शेवटी १०,००५. तीन कमी तीनशे असं मुद्दाम म्हटलंय, म्हणजे विद्यार्थ्याला वाट सुचावी. ९०,००० मधून १८०० वजा, ९ मिळवले, ८८,२०९.

या २९७ ची पुढची गंमत आपल्या महाराष्ट्रातल्याच एका शाळामास्तरांनी दाखवली. देवळालीचे द. रा. कापरेकर. ८८,२०९ चे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करून बेरीज करा, पुन्हा २९७! अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. ४५ ही तशीच: वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. त्याच २०२५ चं आणखी एक कौतुक आहे. १ ते ९ च्या घनांची बेरीज केली तरी तेच येतं, कारण १ पासून ओळीनं घनांची बेरीज नेहमी त्या संख्यांच्या बेरजेचा वर्ग असते. १ + ८ = ९, १ + ८ + २७ = ३६. हे तिला सांगू नका, नुसते आकडे द्या आणि काय दिसतंय ते तिलाच शोधू द्या.

शेवटच्या अंकावर नजर ठेवायची सवय लावा. पूर्ण वर्गाच्या एककस्थानी २, ३, ७, ८ कधी येत नाहीत. त्यामुळं २३४७ हा वर्ग आहे का, हे विचारल्यावर तिनं गुणाकार करत बसू नये. घनाचं तसं नाही, तिथं सगळे अंक येतात, पण प्रत्येक अंकाची जोडी ठरलेली: २ चा ८, ८ चा २, ३ चा ७, ७ चा ३, बाकीचे जसेच्या तसे. याच्यावरून घनमूळ दोन अंकी असेल तर ते चुटकीसरशी निघतं. १९,६८३ घ्या, हीसुद्धा 'लीलावती'त विचारलेली संख्या, तीनाच्या घनाचा घन. शेवटी ३, म्हणजे मुळाच्या शेवटी ७. मागचे तीन अंक सोडले की उरले १९. ते ८ आणि २७ च्या मध्ये, म्हणजे दशकस्थानी २. उत्तर २७. पण हे फक्त संख्या पूर्ण घन आहे हे आधी माहीत असेल तरच, नाहीतर मुलं कुठल्याही संख्येला ही चुटकी वाजवून मोकळी होतात.

पहिले पंधरा दिवस क्लासचा तो तीस वर्गांचा तक्ता कपाटात ठेवा. क्लासवाले विचारतील, तर "बाईंनी सांगितलंय" म्हणा. आणि पनीर घट्ट वडीचंच आणा. मऊ पनीर आणलंत तर सुरी लागताच चुरा होईल, आणि सत्तावीस तुकड्यांऐवजी रात्री सगळ्यांना भुर्जी खावी लागेल.